कापसाचा बर्फ आणि आठ मिलिमीटर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या चौकात क्रिब उभं राहतं. गवताचं छप्पर, मातीच्या मेंढ्या, आणि सगळ्यावर कापसाचा बर्फ. मागच्या वर्षी आम्ही काही जण मदतीला होतो. कापूस पसरून झाला तेव्हा आमचे फिजिक्सचे सर तिथून चालले होते. थांबले, खिशातून सहा इंची पट्टी काढली आणि म्हणाले, "सांगा, बर्फ किती पडलाय?"

आम्हाला गंमत वाटली. पाच जणांनी पाच ठिकाणी पट्टी खुपसली. छपरावर चार सेंटिमीटर, मागे भिंतीला लागून सात, मेंढीच्या पाठीवर जेमतेम एक. समोर कुणीतरी फोटो काढताना पाय दिला होता तिथे शून्य. "मग क्रिबवर एकंदर किती?" सरांनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, सरासरी काढू. सर म्हणाले, "काढा. आणि ती मेंढीला पटते का विचारा."

त्याच आठवड्यात प्रोजेक्टचे विषय वाटले गेले. माझ्या वाट्याला आला: 'उपग्रहावरून बर्फाची जाडी मोजणे आणि त्या मापनाची अचूकता तपासणे'. वर्गात हशा पिकला. कारण मी देवासची.

देवास म्हटलं की मुंबईत लोक कुमार गंधर्वांचं नाव काढतात आणि गप्प होतात, जणू त्यानंतर तिथे काही घडलंच नाही. आम्ही तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतोय. आजोळ देवासचं नाही, धारचं; म्हणजे इंदूर मध्ये धरलं तर एका अंगाला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर एक घर आणि दुसऱ्या अंगाला साठेक किलोमीटरवर दुसरं. दोन्ही पवारांची संस्थानं, त्यामुळे मराठी टिकली, पण आमची मराठी ऐकून पुण्याचे लोक हळूच हसतात. असो. मुद्दा असा की या मुलखाचा आणि बर्फाचा काडीचा संबंध नाही. क्षिप्रा, चंबळ, कालीसिंध, सगळ्या माळव्यातच उगम पावतात. नर्मदाही हिमालयातून येत नाही. आमच्याकडे जे काही पाणी आहे ते जून ते सप्टेंबरमध्ये वरून पडतं, नाही पडलं तर नसतं. १९९० साली देवासला इंदूरहून रेल्वेच्या टँकरमधून पाणी आणावं लागलं होतं. आजी अजून सांगते, स्टेशनवर गाडी आली की लोक पाहुण्याची वाट बघावी तसे उभे असत.

मी पाहिलेला एकमेव 'बर्फ' म्हणजे मार्च २०१४ची गारपीट. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटापासून महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात गारांनी गहू-हरभऱ्याची माती केली. मी अकरा वर्षांची होते. अंगण पांढरं झालं म्हणून मी टाळ्या पिटत होते. आजीने मला गप्प बसवलं, कारण शेजारच्या काकांचा गहू कापणीला आला होता. मग मी गुपचूप स्टीलची वाटी गारांत खुपसली. वाटी काठापर्यंत भरली. माझ्या आयुष्यातलं बर्फमापन ते एवढंच.

तर प्रोजेक्ट. वाचायला लागले तेव्हा पहिला धक्का हा की उपग्रह बर्फाची जाडी मोजतच नाही. तो दुसरंच काहीतरी मोजतो आणि त्यावरून जाडीचा तर्क करतो.

बर्फ कुठे आहे हे सांगणं त्याला सोपं जातं. ढगही पांढरे आणि बर्फही पांढरा, पण आपल्याला न दिसणाऱ्या एका अवरक्त पट्ट्यात ढग उजळ राहतात आणि बर्फ काळा पडतो, त्यामुळे दोघांची फारकत करता येते. पण वरून चादर दिसली म्हणजे खाली गादी आहे की सतरंजी ते कळत नाही. जाडीसाठी वेगळी युक्ती आहे. जमीन रात्रंदिवस अगदी मंद अशा सूक्ष्मलहरी वर सोडत असते. वर बर्फ साचला की त्याचे कण या लहरींना वाटेतच इकडेतिकडे विखरून टाकतात. आखूड लहरी जास्त विखुरतात, लांब लहरी कमी. उपग्रह दोन्ही मोजतो, एक ३७ गिगाहर्ट्झच्या आसपासची आणि दुसरी १८-१९च्या आसपासची, आणि दोघींतला फरक बघतो. फरक मोठा म्हणजे बर्फ जाड. १९८७ साली नासातल्या चँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सूत्र मांडलं. ते इतकं साधं की मला एकदा वाचून पाठ झालं: फरकाला १.५९ने गुणा, आलेलं उत्तर सेंटिमीटरमध्ये.

मला हे फारच आवडलं होतं. आमच्या तीन वर्षांच्या फिजिक्समध्ये इतकं सरळ काही भेटलं नव्हतं. मग पुढचं वाचलं. हे १.५९ आलं कुठून? बर्फाचे कण सगळीकडे साधारण एवढेच, त्याची घनता साधारण एवढीच, असं धरून. प्रत्यक्षात बर्फ पडून राहिला की त्याचे कण वाढतात, मग उपग्रहाला तो आहे त्याहून जाड वाटतो. दुपारी उन्हाने जरासा ओला झाला की त्यातलं पाणी सगळा खेळ बिघडवतं आणि बर्फ आकड्यातून जवळजवळ गायब होतो. मीटरभराच्या पुढे गेला की फरक वाढायचाच थांबतो; दोन मीटर काय, चार मीटर काय, उपग्रहाला सारखंच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो बघतो त्या चौकटीची बाजू पंचवीस किलोमीटरची. बियासच्या खोऱ्यात एवढ्या चौकटीत खाली सफरचंदाच्या बागा असतात आणि वर पाच हजार मीटरची शिखरं. चौकटीला आकडा एकच. पुन्हा तीच मेंढी.

नवे उपाय आहेत. सप्टेंबर २०१८मध्ये सोडलेला आइससॅट-२ हिरव्या लेझरचे सेकंदाला दहा हजार ठोके जमिनीवर टाकतो आणि उंची मोजतो. हिवाळ्यातल्या उंचीतून उन्हाळ्यातली वजा केली की बर्फाची जाडी. हे ऐकायला छान आहे. पण ढग आले की लेझर आंधळा, आणि तीव्र उतारावर जागा जराशी सरकली तरी उंची मीटर-मीटरने बदलते.

म्हणजे शेवटी तपासायला जमिनीवर माणूस लागतोच. या माणसांबद्दल वाचताना मी प्रोजेक्ट विसरून वाचत बसले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नेवाडाच्या डोंगरावर बर्फात पोकळ नळी खुपसून तिचं वजन करण्याची पद्धत ज्याने बसवली तो जेम्स चर्च शास्त्रज्ञ नव्हता. तो विद्यापीठात लॅटिन वगैरे प्राचीन भाषा शिकवायचा! (वाङ्मय मंडळाच्या सभासदांनी याची नोंद घ्यावी.) आपल्याकडे १९६९ साली मनालीत हिम आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था सुरू झाली. तिथली माणसं बर्फात रोवलेल्या खुणांच्या काठ्या वाचत आली आहेत. काठीवरचा आकडा एका बाजूला, उपग्रहाचा दुसऱ्या बाजूला, आणि मग दोघांतल्या चुकीचा हिशोब. त्यातही गंमत आहे. एके ठिकाणी उपग्रह वीस सेंटिमीटर जास्त सांगतो, दुसरीकडे वीस कमी, की सरासरी चूक शून्य, सगळे खूश! म्हणून चुकांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून, मग वर्गमूळ घ्यावं लागतं. तेव्हा खरी चूक बाहेर येते. शिवाय काठी रोवलेली असते ती माणूस राहू शकेल अशा जागी, म्हणजे बहुतेक खाली दरीत. शिखरावर काठी वाचायला कोण जाणार?

जानेवारीत मी हे सगळं स्लाइड्स लावून सांगितलं. बरं झालं. शेवटी सर म्हणाले, काही प्रश्न? आमच्याच मंडळातली एक एसवायची मुलगी, आर्ट्सची, मैत्रिणीबरोबर सहज येऊन बसली होती. तिने विचारलं, "उपग्रह चुकला हे कोण ठरवतं?"

मी म्हटलं, जमिनीवरचा माणूस. काठी वाचणारा.

"आणि तो चुकला तर?"

सगळे हसले. मी काहीतरी उत्तर दिलं, यंत्रांचं कॅलिब्रेशन, निरीक्षकांचं प्रशिक्षण वगैरे. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पण मदत काही केली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा हा प्रश्न डोक्यात होता, कारण तसा एक माणूस आमच्या घरातच आहे. माझे आजोबा. धार जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत ते बाबू होते आणि कचेरीच्या आवारातलं पर्जन्यमापक वाचायचं काम निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडे होतं. रोज सकाळी साडेआठला. पाऊस असो नसो. वर फनेल, आत बाटली; फनेलच्या तोंडाचं क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका फुलक्याएवढं. बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि आकडा वाचायचा. "कडेला पाणी वर चढलेलं असतं, ते नाही बघायचं बेटा," ते मला सांगत होते, "मधला खालचा वाक बघायचा. आणि डोळा त्याच्या बरोबरीत आणायचा. त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं." आता त्यांना गुडघ्यावर बसता येत नाही. खुर्चीतूनच त्यांनी हातातला पाण्याचा पेला डोळ्यांसमोर धरून दाखवला.

सरकारी रजिस्टर कचेरीत राहिलं, पण आजोबा रोजचा आकडा आपल्या डायरीतही उतरवत. पत्र्याच्या ट्रंकेत त्या डायऱ्या निघाल्या. मी शेवटच्या काही पावसाळ्यांच्या घेतल्या, कारण १९९७च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका आणि जपान यांनी मिळून पाऊस मोजणारा एक उपग्रह सोडला होता, टीआरएमएम नावाचा. तो २०१५पर्यंत चालला आणि त्याच्यापासून तयार झालेले रोजचे आकडे कुणालाही फुकट मिळतात. त्याचीही चौकट साधारण पंचवीस किलोमीटरची. चार पावसाळे, प्रत्येकी १२२ दिवस. एका बाजूला फुलक्याएवढं तोंड, दुसऱ्या बाजूला तसे तीन हजार कोटींहून जास्त फुलके मावतील एवढी चौकट. कोण कोणाला तपासणार? जगात उपलब्ध असलेल्या सगळ्या पर्जन्यमापकांची तोंडं एकत्र केली तरी फुटबॉलचं अर्धं मैदानही भरत नाही, असं २०१७ साली काही शास्त्रज्ञांनी हिशोब करून दाखवलंय.

पहिले दोन दिवस काहीच जुळेना. मग लक्षात आलं, चूक माझी. आजोबांनी बारा तारखेला सकाळी साडेआठला वाचलेला पाऊस खरं तर अकरा तारखेचा असतो. एक दिवस मागे सरकवलं आणि एकदम चित्र बदललं. पाऊस झाला की नाही, याबाबतीत दोघांचं बहुतेक जमत होतं. किती झाला, यात पुष्कळदा नाही. २००२चा जुलै देशभर कोरडा गेला होता. डायरीच्या त्या पानांवर शून्याखाली शून्य, शून्याखाली शून्य. मी म्हटलं, आजोबा, आकाशात ढग नाही हे दिसत असताना रोज बाटली काढून कशाला बघायची? ते म्हणाले, "न पडलेला पाऊससुद्धा जाऊन बघावा लागतो. नाहीतर ते शून्य नाही, ती रिकामी जागा."

तिसऱ्या दिवशी मला ती तीन पानं सापडली. साल मुद्दाम लिहीत नाही. एक ऑगस्ट. एरवी आजोबांचे आकडे १२.४, ७.८, ३१.६ असे. इथे ओळीने तीन दिवस: १२.०, ८.०, १०.०. आणि मधल्या दिवसाला उपग्रह म्हणत होता ९४.

तारीख मला पाठ होती. ती माझ्या आतेभावाच्या वाढदिवसाची आहे.

संध्याकाळी आजोबा अंगणात बसले होते. माताजीच्या टेकडीवरचे दिवे लागले होते. मी डायरी समोर धरली आणि विचारलं, हे तीन आकडे असे कसे? त्यांनी चष्मा लावला, पान बघितलं, आणि चष्मा काढून ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. आजी आतून म्हणाली, "अहो, चहा गार होऊन राहिलाय." तरी नाही.

मग सांगितलं. आत्याचं बाळंतपण अडलं होतं, रात्रीतून इंदूरला न्यावं लागलं. तीन दिवस ते दवाखान्यातच. मापकाचं काम कचेरीतल्या शिपायाला सांगून गेले होते. परत आले तर बाटली रिकामी आणि रजिस्टरही रिकामं. त्याने रोज पाणी ओतून दिलं होतं, मोजलं नव्हतं. "लिहितो कसा, त्याला ते वाचता येत नव्हतं. मी दाखवलंच नव्हतं त्याला कधी. माझी चूक." कागद पुढे पाठवायचा होता. लोकांना विचारलं. कुणी म्हणालं बराच झाला, कुणी म्हणालं झिमझिम. आजोबांनी मधले आकडे टाकले.

"एवढंच ना?" मी म्हटलं. मला खरंच एवढंच वाटलं होतं.

"एवढंच नाही."

पंधरा दिवसांनी नाल्याकाठचे चार-पाच शेतकरी अर्ज घेऊन आले. रात्री पूर आला, सोयाबीन मातीसकट गेलं, नुकसानभरपाई मिळावी. साहेबांनी रजिस्टर मागवलं. त्या दिवसाचा आकडा आठ मिलिमीटर. साहेब हसले. आठ मिलिमीटरला नाल्याला पूर येतो होय? रजिस्टर घेऊन आजोबाच उभे होते, टेबलाच्या या बाजूला. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर नोकरीवर आलं असतं, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. शेतकरी परत गेले.

मी आत गेले, लॅपटॉप आणला आणि ९४चा आकडा दाखवला. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. किंवा वाईट. काहीतरी वाटेल. त्यांनी विचारलं, "हे त्याने मोजलंय?"

आणि इथे मला खोटं बोलता येईना. कारण त्याने ते मोजलेलं नाही. आता मला ते नीट माहीत होतं. जमिनीवरचा पाऊस ओळखताना त्या उपग्रहाचा सूक्ष्मलहरींचा डोळा मुख्यतः ढगाच्या वरच्या भागातल्या बर्फाचे कण बघतो. हो, बर्फाचे! माळव्यावर भर ऑगस्टमध्येसुद्धा बर्फ असतो, पाच-सहा किलोमीटर वर, पावसाळी ढगाच्या पोटात. ते कण लहरींना विखुरतात, अगदी हिमालयातल्या बर्फासारखेच, आणि त्यावरून खाली पाऊस किती पडला असेल याचा तर्क होतो. मधल्या वेळात उपग्रह डोक्यावर नसला तर दुसऱ्या उपग्रहांकडून उसनं घ्यावं लागतं. वर महिन्याचा हिशोब जमिनीवरच्या मापकांशी जुळवून घेतलेला असतो, म्हणजे कुठल्या कुठल्या बाबूंची अक्षरं त्यातही मिसळलेली. एका दिवसाच्या, एका चौकटीच्या आकड्यावर कोर्टात कुणी उभं राहणार नाही. त्या ९४मध्ये नाल्याकाठचं ते शेत होतं की चौकटीच्या दुसऱ्या टोकाचं जंगल, हेही त्यातून निघत नाही.

मी हे सगळं त्यांना सांगितलं, जमेल तसं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे त्याचाही अंदाज आणि माझाही अंदाज."

"तुमचा आठ, त्याचा चौऱ्याण्णव."

"त्याने निदान बघून अंदाज केला बेटा. मी न बघता केला."

आमच्या देवासात एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, प्रत्येकीचा कारभार आपापला. एका दिवसाला दोन आकडे असणं आम्हाला जड जाऊ नये. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रोजेक्टमध्ये त्या तीन दिवसांचं काय करायचं ते कळेना. काढून टाकले तर चूक लगेच कमी होते, आलेख सुंदर दिसतो. ठेवले तर आजोबांच्या चुकीचं ओझं उपग्रहाच्या डोक्यावर. आणि मनालीच्या त्या काठ्या? नेवाडाच्या नळ्या? त्यांच्या वह्यांमध्येही कुणाचं बाळंतपण, कुणाचा ताप, कुणाचा न शिकवलेला शिपाई असेलच की. त्या मुलीचा प्रश्न मला आठवला. ती आर्ट्सची आहे म्हणून आम्ही हसलो होतो.

सकाळी साडेआठला, ही वेळ त्यांची अजून सुटलेली नाही, आजोबांनी मला हाक मारली. डायरी त्यांच्या मांडीवर उघडी होती. मी विचारलं, "आजोबा, हे सगळं मी लिहिलं तर चालेल का? कॉलेजच्या मासिकात?"

"लिही. तहसिलीचं नाव घालू नको. त्या शिपायालाही बोल लावू नको."

मग म्हणाले, पेन्सिल दे. मी दिली. त्यांचा हात आता थरथरतो, त्यामुळे वेळ लागला. १२.०, ८.०, १०.० या तिन्हींना त्यांनी एक कंस घातला. ९४ लिहिलं नाही. मला वाटलं होतं लिहितील. कंसाच्या शेजारी, बारीक अक्षरात, लिहिलं: 'पाहिलेलं नाही.' खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि सही केली. पूर्ण सही, कचेरीत करायचे तशी.